आत्याबाई ताट उचलून उभ्या राहिल्या

डिसेंबर उजाडला की पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात राहणाऱ्या समाजबांधवांच्या घरी गावाकडचे फोन सुरू होतात. "पंचवीस तारखेला देहूरोडला येतो आणि एक जानेवारीला भीमा कोरेगाव करूनच माघारी फिरतो," असा निरोप असतो. मधले पाच-सहा दिवस मग एका खोलीत सात-आठ माणसे दाटीवाटीने राहतात. कुणी मोरीजवळ पथारी टाकतो, कुणी जिन्यात. तक्रार कुणाचीच नसते.

२५ डिसेंबरचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५४ साली याच दिवशी देहूरोडला बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ब्रह्मदेशातून आणलेल्या त्या मूर्तीसमोर नतमस्तक होण्यासाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसे येतात. वंदना होते, पुस्तकांच्या स्टॉलवरून चार पुस्तके घेतली जातात. आणि मग पाहुण्यांना दोन गोष्टींची ओढ लागते. एक, मेट्रोत बसायचे. दोन, हॉटेलात जेवायचे.

आपल्या काही कार्यकर्त्यांना हे रुचत नाही. "धम्मभूमीवर आलात की चैन करायला?" असा त्यांचा सवाल असतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे बाबासाहेबांनी सांगितले, चायनीज खा असे सांगितले नाही, असा टोमणाही आम्ही ऐकला आहे. कष्टाचा पैसा उधळू नये हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आमचे मत वेगळे आहे. ते का वेगळे आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या डिसेंबरात आमच्या आत्याबाई उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यातून आल्या. वय सत्तरीचे. सोबत सून, दोन नातवंडे आणि शेजारची एक बाई. आत्याबाईंचा धाकटा नातू चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याने ठरवले होते की आजीला या वेळी सगळे शहर खाऊ घालायचे. त्याचे शब्दच तसे होते, "शहर दाखवायचं न्हाई, खाऊ घालायचं."

आणि खरोखर, या पट्ट्यात आज काय मिळत नाही? फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेले निर्वासित पिंपरी कॅम्पात वसले. त्यांची दाल-पकवान आज सगळ्या शहराची न्याहारी झाली आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे एमआयडीसीचे कारखाने आले. नोकरीच्या शोधात केरळपासून पंजाबपर्यंतची माणसे आली आणि येताना आपापली चूल घेऊन आली. निगडी-चिंचवडकडे मल्याळी हॉटेलात पुट्टू आणि माशाचे कालवण मिळते. भोसरीत खानदेशी शेवभाजी मिळते. उडुप्याची इडली तर नाक्यानाक्यावर. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ आणखी आले. एके काळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार होता. आज तिथे सायंकाळची पाळी सुटली की लिट्टी-चोखा, मोमो, अंडाभुर्जी, बिर्याणी यांच्या गाड्यांभोवती बिहार, ओडिशा, आसाम आणि आमचा मराठवाडा खांद्याला खांदा लावून उभा असतो.

ही सगळी माणसे पाहुणीच आहेत. १९८२ साली महानगरपालिका झालेले हे शहर बाहेरून आलेल्या हातांनी उभे केले. त्यामुळे इथल्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर कोण बसला आहे हे कुणाला ठाऊक नसते. आमच्या मते गावाकडच्या माणसाला पदार्थाच्या चवीआधी चाखायला मिळते ती ही गोष्ट.

चार दिवसांत आत्याबाईंनी पुष्कळ काही खाल्ले. पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खाताना "हे तर पुरीचं थोरलं भावंड" असा निकाल दिला. लिट्टी त्यांना फार आवडली. निखाऱ्यावर भाजलेला गोळा आणि वांग्याचे भरीत, हे जेवण परके नाहीच, असे म्हणाल्या. मोमो मात्र "उकडलेलं हाय, पण शिजल्यागत लागंना" म्हणून नातवाच्या हातात परत दिला. आणि रविवारी नातवाने सगळ्यांना पिंपरीतल्या एका मोठ्या हॉटेलात नेले. काचेचा दरवाजा, थंड हवा, दारात सलाम ठोकणारा माणूस. आम्हीही सोबत होतो.

आत्याबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाठ टेकवली नाही. पनीरची भाजी, तंदुरी रोटी, नातवंडांसाठी नूडल्स, एक मटणाची थाळी असे सगळे आले. बोलत बोलत जेवण झाले. आम्ही नातवाशी त्याच्या कारखान्याविषयी बोलत होतो. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाहतो तर आत्याबाई आपले उष्टे ताट दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या आणि इकडे तिकडे बघत होत्या.

"नळ कुठं हाय रं?" त्यांनी विचारले. "ताट इसळून ठिवते."

आजूबाजूच्या दोन टेबलांवरची माणसे बघू लागली. सुनेचा चेहरा उतरला. नातू म्हणाला, "आजी, ठेव खाली, इथं आपण धूत नसतो." आत्याबाईंना ते पटेना. "आमचं ताट आमीच इसळायचं असतंय की," त्या म्हणाल्या. एवढ्यात वेटर आला. विशीतला पोरगा, ओडिशाचा असल्याचे नंतर त्यानेच सांगितले. त्याने अलगद ताट काढून घेतले. "अम्मा, आप बैठो. मैं ले जाता हूँ," म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने त्याने प्रत्येकापुढे लिंबाची फोड टाकलेल्या कोमट पाण्याची वाटी आणून ठेवली.

धाकटी नात घाईने म्हणाली, "आजी, ते प्यायचं नसतं." आत्याबाई म्हणाल्या, "ठावं हाय मला. मी नुस्तं बघायलेय." मग बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिल्या. आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमाला पाणी वरून सोडायचे. हितं समूर आणून ठिवलं."

वाचकहो, नातवंडांना या वाक्याचा अर्थ कळला नाही. आम्हाला कळला, कारण आम्ही ते गाव पाहिले आहे. गावच्या चौकात एक हॉटेल होते. आपल्या लोकांच्या कपबशा मागच्या पडवीत वेगळ्या ठेवलेल्या असत. त्यांचे कान तुटलेले. बाहेर उकिडवे बसायचे, चहा प्यायचा, कप आपल्या हाताने विसळायचा आणि जागेवर पालथा घालायचा. पाणी हवे असेल तर ओंजळ धरायची, वरून धार यायची. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. मालक त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा. आत्याबाईंनी आयुष्यात त्या एकाच हॉटेलात चहा घेतला होता. आपले भांडे आपण धुवायचे हा त्यांच्या लेखी हॉटेलाचा नियमच होता. तो त्यांनी पिंपरीपर्यंत आणला, त्यात त्यांची काय चूक?

शहरात आलेल्या पाहुण्याला जेवायला आणि राहायला जागा मिळणे ही आपल्या समाजासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे कुणी त्यांना जात विचारली नाही. लंडनमार्गे परत येऊन १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्या शहरातले एकही हिंदू हॉटेल त्यांना घेणार नव्हते. शेवटी पारशाचे नाव धारण करून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या माणसाला ज्या देशात एक खोली आणि एक ताट मिळत नव्हते, त्या देशात आत्याबाईंपुढे वाटी येऊन ठेवली गेली. मधल्या शंभर वर्षांत काय घडले?

एक गोष्ट कोल्हापुरात घडली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्णांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? म्हणून खुद्द महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून चहा घेत आणि सोबतच्यांनाही पाजत. छत्रपती पितात तिथे बाकीच्यांना नाही म्हणणे अवघड झाले. या प्रसंगात आपला माणूस गिऱ्हाईक नव्हता, मालक होता, हे लक्षात ठेवा. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

दुसरी गोष्ट दिल्लीत घडली. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जातीच्या कारणावरून तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव कशाला, असे एखाद्याला वाटेल. ज्याला हॉटेलाच्या बाहेर बसावे लागले त्याला ते वाटणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमके काय, त्यात धोबी आणि न्हावी येतात का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. त्याच दिवशी सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर केले. पुढे १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला. १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवण्यात आले. हॉटेलात वेगळा कप ठेवणे त्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि ही केवळ आपल्या देशाची कहाणी नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या टेबलाशी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग शेकडो आले. जुलै महिन्यात दुकानाला नमते घ्यावे लागले. एका कप कॉफीसाठी एवढा लढा? होय. कारण तो कपासाठी नव्हता, बसण्यासाठी होता.

म्हणून आम्ही म्हणतो, गावाकडून आलेला आपला माणूस पिंपरीच्या हॉटेलात पाठ टेकून बसतो तेव्हा तो चैन करत नाही. तो आपला हक्क वापरतो. चवदार तळ्याचे पाणी चवीसाठी प्यायले नव्हते, हे आपण जगाला सांगतो. मग आपल्याच आत्याबाईंच्या ताटाकडे बोट दाखवून उधळपट्टी कशाला म्हणायची?

मात्र एका भ्रमात आपण राहू नये. हॉटेलात जात विचारत नाहीत, पण तिथे आत जायला पैसा लागतो. त्या रविवारी बिल झाले १,८२० रुपये. नातवाने आम्हाला हात लावू दिला नाही, आजीसमोर स्वतः भरले. त्याची जवळजवळ तीन दिवसांची हजेरी तिथे गेली. मोटारीचे भाग हा पोरगा बनवतो, पण काम उद्या राहील की नाही याची खात्री त्याला नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करतो आहोत. ती विसंगती हॉटेलच्या बिलावरही वाचता येते.

बिल भरून बाहेर आल्यावर नातवाने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. "कंपनीच्या कँटीनला सगळे एका रांगेत जेवतात. हॉटेलात पण कुणी काही विचारत नाही. पण मोशीला खोली बघायला गेलो तर मालकानं आधी आडनाव विचारलं. मग खोली गेली म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाटी तशीच लटकत होती." हॉटेलवाल्याला आपण तासाभरासाठी हवे असतो, घरमालकाला वर्षभर सोबत राहायचे असते. म्हणून पहिला नोट बघतो आणि दुसरा आडनाव बघतो. जातिव्यवस्था हॉटेलच्या दारातून उठली आणि बिऱ्हाडाच्या दारात जाऊन बसली. १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी हेच बजावले आहे की एकत्र जेवल्याने जात मरत नाही, त्यासाठी रोटीच्या पुढे बेटीपर्यंत जावे लागेल. तेव्हा हॉटेलातल्या शेजाराला समता समजून निश्चिंत होऊ नका.

'शुद्ध शाकाहारी' ही पाटीही वाचायला शिका. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाकाहाराला आमचा विरोध नाही. पण शाकाहारी एवढे लिहून भागत असताना 'शुद्ध' कशासाठी? मग बाकीचे काय अशुद्ध? हा शब्द स्वयंपाकघरातला नव्हे, तो आपल्याला ओंजळीत पाणी देणाऱ्यांच्या शब्दकोशातला आहे.

आणि आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. हॉटेलातून घरी येताना आत्याबाईंनी विचारले, "एवढ्या लोकांचं जेवण हितं मिळतंय. सिंध्याचं, मद्राशाचं, बिहाऱ्याचं. आपलं कुठं मिळतंय?"

आम्ही निरुत्तर झालो. 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी' म्हणून जे काही मिळते त्यात पुरणपोळी असते, आळूचे फदफदे असते, हल्ली तांबडा-पांढरा असतो. आपल्या आयाबायांनी काटकसरीत रांधलेले जेवण त्या पाटीवर नसते. हुलग्याचे माडगे नसते, रानभाज्या नसतात, वजडी असलीच तर एखाद्या कोपऱ्यातल्या गाडीवर. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या समाजाचे हे जेवण पहिल्यांदा सविस्तर लिहून काढले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. पुस्तकात आले, जगात गेले, पण पिंपरीच्या मेनूकार्डावर अजून आले नाही.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर महाडला मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले होते. बरोबर. ते लाचारीचे अन्न होते, ते सोडणे हा स्वाभिमान होता. पण लाचारी सोडायला सांगितली, चव सोडायला नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, जवसाची चटणी, आपल्या हातचे मटण यात लाजण्यासारखे काय आहे? सिंधी निर्वासितांनी आपले पकवान लपवले नाही, रस्त्यावर मांडले. मोमो विकणाऱ्या पोराने तेच केले. आपणच आपले ताट घरात झाकून ठेवायचे आणि बाहेर दुसऱ्याचे मागवायचे, हे किती दिवस?

आपल्या बचत गटांतल्या भगिनी उत्तम रांधतात. वस्तीवस्तीत डबे पुरवतात. त्यांनी आता डब्यावरून दुकानावर यावे. अनुसूचित जातींच्या माणसांना धंद्यासाठी कर्ज देणारे महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. तिथे खेटे घालावे लागतील, तर घालू. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला येणाऱ्या लाखोंना वडापाव आणि चायनीज कोण विकते ते एकदा बघा, आणि आपली एक तरी भाकरीची गाडी तिथे का नसावी याचा विचार करा. पाटीवर आडनाव लिहायला घाबरू नका. गंगाराम कांबळे शंभर वर्षांपूर्वी घाबरले नाहीत. त्यांच्या दारात राजा थांबला. आपल्या दारात सिंधी, मल्याळी, बिहारी कामगार थांबेल, आणि ते राजा थांबण्यापेक्षा मोठे असेल.

दोन जानेवारीला आत्याबाई गावी गेल्या. जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही सारे पुन्हा एकदा बाहेर जेवलो. या वेळी साध्याच हॉटेलात, चिंचवड स्टेशनजवळ. जेवण झाल्यावर आत्याबाईंचा हात ताटाकडे गेला. सवय ती, सत्तर वर्षांची. क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, खुर्चीला पाठ टेकवली आणि टेबल पुसणाऱ्या पोराला हाक मारली.

"लेकरा, हे उचल. आणि तू जेवलास का रं?"

पोरगा ओशाळून हसला. तो हॉटेल बंद झाल्यावर जेवणार होता, रात्री साडेअकराला. इतरांची उष्टी ताटे उचलणारा हा पोरगा कुठल्या गावचा, कुठल्या समाजाचा, ते आम्ही विचारले नाही. पण हॉटेलात ऐटीत बसताना त्याची आठवण ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते आम्हाला आत्याबाईंनी शिकवले.

तेव्हा यंदा पाहुणे आले की त्यांना जरूर हॉटेलात न्या. ऐपत असेल तसे, गाडीवर न्या, खानावळीत न्या. जेवल्यावर कुणी ताट उचलून उभे राहिले तर हसू नका. घरी आल्यावर मुलांना जवळ बसवा आणि आजी का उभी राहिली होती ते सांगा.

जयभीम.